दवाखान्यातून घरी आलं, म्हणजे झालं का?

सोनगीर येथे प्रभागसंघाच्या सभेत केलेलं हे भाषण. वेचणीमुळे ज्या ताई येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहे. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.



आज सभेपुढे बरेच विषय आहेत. थकीत हप्ते आहेत, बँकेची कागदपत्रं आहेत. अध्यक्षताईंनी मला त्यातली वीस मिनिटं दिली आहेत. मी एका आजाराबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात गटाच्या वहीपासूनच करते.

आपल्या एका गटाची वही आहे. त्यात एका ताईच्या नावापुढे सलग चार बैठका 'गैरहजर' लिहिलंय. प्रत्येक वेळी दहा रुपये दंड. दोन हप्तेही थकलेले. आणि त्या पानाखाली तपासणीची सही माझी आहे. 'सदस्य अनियमित, समज द्यावी' हा शेरासुद्धा माझाच.

त्या ताईंचा सहा वर्षांचा मुलगा त्या पावसाळ्यात आजारी पडला होता. आधी ताप, मग उलट्या, दुसऱ्या दिवशी आकडी आली आणि शुद्ध गेली. मेंदूज्वर निघाला. अठरा दिवस तो मोठ्या दवाखान्यात होता. तेव्हा गट मागे उभा राहिला होता, हे मी आवर्जून सांगते. रात्रीतून पैसे गोळा केले, डबे पोचवले, घरच्या लहान मुलीला सांभाळलं. पोरगा वाचला, घरी आला. सगळ्या जणी नारळ घेऊन बघायला गेल्या. मीही गेले. माझ्या डायरीत लिहिलं, 'मुलगा बरा'. आणि आम्ही सगळ्या आपापल्या कामाला लागलो.

चार महिन्यांनी मी समज द्यायला त्यांच्या घरी गेले. ताई ओट्यावर बसल्या होत्या. आत खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याची दोरी होती आणि तिचं दुसरं टोक पोराच्या पायाला. मी बघतच राहिले. ताई म्हणाल्या, "काय करू मॅडम, सोडलं की थेट हायवेकडे पळतो. गाडीची भीतीच राहिली नाही त्याला." मग जरा वेळाने आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "पोऱ्या बरा व्हयना, पन पहिलासारखा नही राहिना."

ताई, हे वाक्य मी विसरू शकत नाही. मी समाजकार्याची पदवी घेतली, परीक्षेत दिव्यांगत्वावर पानंच्या पानं लिहिली. पण एक आई चार महिने बैठकीला का येत नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे. मला सांगायचंय ते एवढंच: मेंदूज्वरातून मूल घरी येतं, तेव्हा आजारपण संपत नाही. त्याचा दुसरा भाग तेव्हा सुरू होतो. आणि त्या भागात आई बहुतेक वेळा एकटी असते.

हा आजार काय आहे

मेंदूज्वर म्हणजे मेंदूला येणारी सूज. कधी मेंदूला, कधी त्याच्यावरच्या आवरणाला. कारणं बरीच आहेत. डासातून येणारा जपानी मेंदूज्वर आहे, आपल्या राज्यात तो जास्त करून विदर्भाकडे दिसतो. गोवर, गालगुंड यांच्यातूनही मेंदूला सूज येऊ शकते. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात.

आणि एक आजार तर आपल्या महाराष्ट्रातल्या गावाच्याच नावाने जगभर ओळखला जातो. नागपूरजवळचं चांदीपुरा. १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना नवा विषाणू सापडला. तोच चांदीपुरा विषाणू. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात त्याने मोठी साथ आणली, ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. २००४ मध्ये गुजरातमध्ये आला. पुढे विदर्भातही त्याचे रुग्ण सापडले. २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा गुजरातमध्ये. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, त्यात ८२ मृत्यू, आणि ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सापडला. गुजरात आपल्याला लांब नाही, आपल्या लेकी तिकडे दिल्या आहेत.

हा विषाणू वाळूमाशीतून पसरतो. डासापेक्षाही बारीक, फुदकत उडणारी. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्याचा ओलावा, शेणाचा ढीग ही तिची जागा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना भेगा असतातच. त्या पावसाळ्याआधी लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा, लेकरांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपवा.

पण मी आकडे सांगितले ते वेगळ्या कारणासाठी. साथ आली की पेपरात किती दगावले ते छापून येतं. जे वाचले त्यांचं पुढे काय झालं, ते येत नाही. जपानी मेंदूज्वराबद्दल जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाचलेल्या दर १०० जणांमागे २० ते ३० जणांना कायमचं काही ना काही राहून जातं. कुणाला लुळेपणा, कुणाला वारंवार आकडी, कुणाची वाचा जाते. ही मुलं कुठल्या यादीत नसतात. ती आपल्या गल्लीत असतात.

दिसतं ते आणि दिसत नाही ते

हात वाकडा झाला, पाय ओढत चालतो, बोलता येत नाही, हे लोकांना दिसतं. न दिसणाऱ्या गोष्टींकडे मात्र लक्ष ठेवावं लागतं. मेंदूज्वरातून उठलेलं मूल घरात असेल, तर या गोष्टी बघा.

आधी येत होतं ते विसरलं का? कपडे घालणं, बटण लावणं, शंभरपर्यंत अंक. सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतं का? हाक मारल्यावर वळून बघत नाही का? टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवतं का? आधी शांत होतं आणि आता चावतं, मारतं, वस्तू फेकतं का? धोका कळेनासा झालाय का? घास गिळताना ठसका लागतो का? थोडं खेळलं की थकून झोपतं का? क्षणभर नजर एका जागी अडकते, हातातलं पडतं आणि मग काही झालंच नाही असं पुन्हा खेळतं का? ही शेवटची गोष्टसुद्धा आकडीचाच प्रकार असू शकतो.

घरचे काय म्हणतात? "लाडावलाय." "दवाखान्यात राहून आळशी झाला." शाळेत म्हणतात, "लक्ष देत नाही." मग त्याला मार बसतो. ताई, ऐकूच येत नसेल तर ते लक्ष देणार कसं? मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या मुलांत बहिरेपण राहण्याची भीती मोठी असते. म्हणून घरी आल्यावर महिन्याभरात कानाची तपासणी करून घ्या, डोळ्यांचीही. आमच्या त्या पोराला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, हे आम्हाला सात महिन्यांनी कळलं. सात महिने तो "ऐकत नाही" म्हणून बोलणी खात होता.

काही वेळा त्रास उशिरा उघडा पडतो. तीन वर्षांचं मूल आजारी पडलं तर घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. ते तिसरी-चौथीत गेलं, गणित आलं, मग कळतं की डोक्यात धरून ठेवायला जमत नाही. म्हणून शाळेच्या बाईंना आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगा की याला अमुक वयात मेंदूज्वर झाला होता. दवाखान्यातून सुटी झाल्याचा कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, गटाच्या पासबुकासारखं जपून ठेवा.

उपाय आहे का?

प्रत्येक आई हेच विचारते. खरं सांगायचं तर मेंदूचा जो भाग पूर्ण जळाला तो परत येत नाही. पण लहान मुलाचा मेंदू नव्या वाटा काढतो. पांझरेकाठच्या ताईंना फड पद्धत माहीत आहे. एक चारी गाळाने बुजली तर पाटकरी दुसरीकडून पाणी फिरवतो. पाणी पोचतं, पण कुणीतरी रोज फावडं घेऊन बांधावर उभं राहावं लागतं.

ते रोजचं उभं राहणं म्हणजे उपचार. हातापायांसाठी फिजिओथेरपी. जेवणं, कपडे घालणं, पेन धरणं यासाठी व्यवसायोपचार. बोलण्यासाठी आणि गिळण्यासाठी वाचा उपचार. आकडीसाठी रोजच्या गोळ्या. हे जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. "होईल हळूहळू, देव बघेल" म्हणून सहा महिने घालवू नका. हाताची बोटं आखडून बसली की सोडवायला फार त्रास होतो.

थेरपी म्हणजे आठवड्यातून एकदा धुळ्याला जाऊन येणं नव्हे. तिथे शिकायचं आणि रोज घरी करायचं. वाटीतले शेंगदाणे दुसऱ्या वाटीत टाकायला लावा. कपड्याला चिमटे लावायला द्या. पीठ मळताना त्याच्याही हातात गोळा द्या. एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि समोर बसून सांगा. रोजचा क्रम ठरलेला ठेवा. तो थकला की थांबा. सोनगीरच्या तांबट आळीतली ठोकठोक आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका घावात घागर होत नाही. जोराचा घाव घातला तर पत्रा फाटतो. हलक्या हाताने हजार वेळा ठोकावं लागतं. हे कामही तसंच आहे.

आकडी आली तर

हे नीट ऐका, घरी जाऊन सासूबाईंना आणि मुलांनाही सांगा. मुलाला कुशीवर वळवा. गळ्याजवळचं घट्ट सैल करा. आजूबाजूची टणक वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकामागून एक यायला लागली आणि मध्ये शुद्ध येत नसेल, तर १०८ ला फोन करा.

आणि आकडी सहा महिने आली नाही म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. गोळ्यांमुळेच ती आलेली नसते.

कानबाईला नवस बोलला असेल तर जरूर फेडा, रोट करा, मी कोण नको म्हणणारी. माझी आईही करते. पण गोळीची वेळ चुकवू नका. आणि चटके देणं, धुरी देणं, मिरच्या हुंगवणं, हे लेकराच्या अंगावर करू देऊ नका. त्याने आधीच खूप सोसलंय.

कागदपत्रं आणि हक्क

कंटाळा करू नका, हे लिहून घ्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाच्या डॉक्टरांकडून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. डीईआयसी म्हणतात ते हेच. मोठ्या तपासण्यांसाठी धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. एसटीत आपल्याला २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि दिव्यांग मुलालाही सवलत मिळते. जाण्याची हिंमत करा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, फक्त हातपाय नव्हे. बौद्धिक, ऐकण्याचं, बोलण्याचं, शिकण्यातलं, सगळं त्यात येतं. ४० टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र मिळालं की बहुतेक योजना लागू होतात. यूडीआयडी कार्डाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, मग तपासणीला जायचं. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणून मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

शाळेचं म्हणाल तर ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा कायद्याने दिलेला हक्क आहे. "आमच्याकडे जमणार नाही" असं कुणी म्हटलं तर गटसाधन केंद्रात जा आणि विशेष शिक्षकांना भेटा. शाळेत जाण्यासारखी स्थिती नसेल तर घरी येऊन शिकवण्याचीही सोय आहे.

आणि ही गोष्ट आपल्यातल्या ग्रामपंचायत सदस्य ताईंसाठी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, या वर्षी तो कशावर खर्च झाला?

गटाने काय करायचं

आता मुद्द्यावर येते. दशसूत्रीत आरोग्य आहे, शिक्षण आहे, हे आपण प्रत्येक बैठकीत म्हणतो. तर अशा आईसाठी गटाने चार गोष्टी कराव्यात.

एक. ती बैठकीला येत नसेल तर दंडाआधी तिच्या घरी जा. आमच्या त्या गटाने ठराव केला की घरात दिव्यांग किंवा दीर्घ आजारी मूल असेल तर गैरहजेरीचा दंड नाही. आणि आता बैठकच त्या ताईंच्या ओट्यावर होते. घेतलेले चाळीस रुपये गटाने परत केले. रक्कम छोटी होती, पण परत घेताना ताई रडल्या.

दोन. हप्ता थकला तर मुदत वाढवून द्या. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी अशाच घरांसाठी आहे. तो बँकेत ठेवून शोभा येत नाही.

तीन. पाळी लावा. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एकेकीने ते मूल सांभाळायचं. तेवढ्यात ती वेचणीला जाईल, बाजार करेल, नाहीतर नुसती झोपेल. झोपली तरी चालेल. रात्री-अपरात्री आकडीच्या भीतीने ती जागी असते.

चार. बोलणं थांबवा. "तापात डोक्यावरून पाणी घातलं म्हणून झालं," "पायगुण वाईट," "मागच्या जन्माचं." हे ऐकून ती आई घराबाहेर पडत नाही. मेंदूज्वर जंतूंमुळे होतो, आईमुळे होत नाही. आणि बाप, आजी, काका यांनाही सांगा की थेरपी फक्त आईने शिकायची नसते.

टाळता येईल तेवढं आधी टाळा, हेही सांगते. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. गोवर झालेल्या साधारण हजार मुलांत एकाच्या मेंदूला सूज येते. २०२२ मध्ये गोवराची साथ मुंबईत होती तशी शेजारच्या मालेगावातही होती. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलच्या लसीही मेंदूच्या आवरणाच्या काही आजारांपासून वाचवतात. वेचणीला किंवा ऊसतोडीला गाव सोडून गेलात तर लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. आणि तापात मूल बरळलं, आकडी आली, हाक मारून उठेना, मान ताठ झाली, तर सकाळची वाट बघू नका. यात तासही मोलाचे असतात.

शेवटी

तुम्ही विचाराल, त्या पोराचं पुढे काय झालं? तो आता आठ वर्षांचा आहे. उजव्या हाताने पेन धरता येत नाही, डाव्याने लिहायला शिकतोय. वर्गात बाईंच्या उजव्या हाताला, पहिल्या रांगेत बसतो, म्हणजे चांगला कान बाईंकडे राहतो. गोळ्या चालू आहेत, गेल्या वर्षात दोनदाच आकडी आली. राग अजून येतो. पहिल्यासारखा झाला का? नाही झाला. कदाचित होणारही नाही. पण दोरी सुटली. गल्लीतल्या मुलांना गटाच्या ताईंनी सांगून ठेवलंय, तो हायवेकडे निघाला की एकजण हात धरून परत आणतो. परवा मी गेले तर त्याने डाव्या हाताने मला पाण्याचा तांब्या आणून दिला. अर्धं पाणी सांडलं. मी उरलेलं प्यायले.

माझ्या डायरीतलं 'मुलगा बरा' हे मी खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं, 'पुढे विचारत राहावं'.

पुढच्या बैठकीत बचत गोळा करण्याआधी प्रत्येक गटाने फक्त एक प्रश्न विचारायचा: आपल्या गल्लीत तापातून, आकडीतून उठलेलं आणि नंतर वेगळं वागणारं मूल आहे का? असेल तर नाव आशाताईंना आणि आपल्या सीआरपी ताईंना द्या. आणि त्याच संध्याकाळी त्या आईकडे जा. उपदेश करायला नको. नुसतं विचारा, "ताई, तू कशी आहेस?"